हडपसरचा सुरय

यंदाचं पहिलं खोकं परवा स्वारगेटला उतरलं. दापोलीकडून येणाऱ्या एसटीच्या डिकीतून आलेलं, थर्माकोलचं, तपकिरी चिकटपट्टीचे सात-आठ वेढे मारलेलं आणि एका कोपऱ्यातून बर्फाचं पाणी गाळणारं. वर परवानगीचा कागद, आणि त्याच्या शेजारी जाड मार्करने केतकीचं ऐसपैस अक्षर: ‘नंदिनीस. आपटू नये. फार हुंगू नये.’ मी खोकं मांडीवर घेऊन रिक्षात बसले. सिग्नलला रिक्षावाल्याने मान वळवली आणि नाक वर केलं.

“श्रावणात मासे, ताई?”

“मासे नाहीत हो. मेलेले पक्षी आहेत.”

त्यानंतर प्रयोगशाळेच्या दारापर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. सुट्टे पैसेही त्याने पटकन परत दिले, जे या शहरात सहसा घडत नाही.

आषाढ-श्रावण माझ्याकडे असा येतो. समुद्र खवळलेला असतो, होड्या वाळूवर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या असतात, आणि पश्चिमेचा वारा खोल समुद्रातल्या दमलेल्या पक्ष्यांना किनाऱ्यावर आणून टाकतो. हे पक्षी एरवी जमिनीचं तोंडही बघत नाहीत. केतकी रोज ओहोटीला मैलोन् मैल वाळू तुडवते. मेलेला पक्षी दिसला की त्याची मापं घेते, पिशवीत भरते, गावातल्या बर्फाच्या कारखान्यात ठेवते आणि आठवड्याचे सगळे एकदम माझ्याकडे पाठवते. मी पुण्यात बसून त्यांची पोटं उघडते. पोटातलं बारीक चाळणीवर धुते आणि चिमट्याने एकेक गोष्ट वेगळी काढते. माकुलाच्या, म्हणजे स्क्विडच्या, इवल्या चोची निघतात, माशांच्या कानातले तांदळाच्या कणीएवढे खडे निघतात. मग बाकीचं निघतं. जाळ्याचे निळे-हिरवे धागे, थर्माकोलचे दाणे, शाम्पूच्या पुडीचा कोपरा, बाटलीच्या झाकणाची कड. ते रंगाप्रमाणे लावायचं, आकाराप्रमाणे लावायचं, लिहून ठेवायचं. माणसाने समुद्राला काय काय खाऊ घातलं, त्याची यादी करायची.

समुद्रावर संशोधन करते आणि राहते वारज्यात, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मीही हसले असते.

आणि आता आडपडदा न ठेवता सांगते. मला केतकीचा हेवा वाटतो. कौतुकाला गोडीने हेवा म्हणतात, तसला नव्हे. चांगला जळजळणारा, जेवण झाल्यावर छातीशी येतो तसला. तो आज वाटतो, काल वाटत होता, आणि आम्ही एकाच दिवशी, एकाच टेबलावर नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून वाटतो आहे. त्या महिन्यात प्रयोगशाळेच्या सरांनी आम्हा दोघींना पहिल्यांदा बोटीवर नेलं. मला बोट लागते हे तेव्हा कळलं. खरं तर गाडीही लागते. बंदराला पोचेपर्यंत ताम्हिणी घाटात मी दोनदा गाडी थांबवायला लावली होती. बोटीवर तर धक्का सुटायच्या आतच कठड्यावर ओणवी झाले ती संध्याकाळी परत धक्का लागेपर्यंत. मधे एकदा मान वर केली तेव्हा केतकी नाखव्याच्या शेजारी पाय फाकवून उभी होती आणि शेंगदाणे खात होती. सर फार सभ्य माणूस. परत आल्यावर कोणाला काही न बोलता त्यांनी कामाची वाटणी केली. तिला समुद्र दिला आणि मला चाळणी दिली. या गोष्टीला बावीस वर्षं झाली. शेंगदाणे मी अजूनही मन लावून खाऊ शकत नाही.

तिच्या कशाकशाचा हेवा वाटतो, हे सांगायला बसले तर यादी माझ्या प्लास्टिकच्या यादीहून लांब होईल. तिच्या टाचांना भेगा आहेत, मला त्या भेगांचा हेवा वाटतो. तिच्या खांद्यावरच्या पिशवीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात. ती पुण्याला आली की पिशवी माझ्या टेबलावर टाकते आणि चहाला जाते, आणि मी, अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, त्या रेघेवरून बोट फिरवून चाखून बघते. फोनवर बोलता बोलता ती मधेच म्हणते, “चल गं, ठेवते, भरती लागली.” हे वाक्य बोलायला मिळावं म्हणून मी काय दिलं नसतं! मी नुसतं म्हणते, “मीही ठेवते, नळाला पाणी आलंय.”

वर्तमानपत्रात तिचा फोटो येतो. वाऱ्याने केस उडालेले, हातात पक्षी, मागे लाट. बातमीच्या शेवटच्या ओळीत असतं, ‘पुढील तपासणी पुण्यातील प्रयोगशाळेत होते.’ ती पुढील तपासणी म्हणजे मी.

पण माझा खरा डोळा होता तो चिठ्ठीवर. आमच्याकडे प्रत्येक पक्ष्याच्या पोटातला ऐवज स्पिरिट भरलेल्या बाटलीत ठेवतात, आणि त्याची माहिती लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आत, स्पिरिटमध्येच बुडवून ठेवतात. बाहेरची लेबलं सुटतात, पडतात, अदलाबदल होतात. आतली चिठ्ठी कुठे जात नाही. ती पेन्सिलीनेच लिहायची, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते. पेन्सिल मात्र आम्ही सगळे निवृत्त होऊन गेलो तरी वाचता येईल. चिठ्ठीवर ओळी ठरलेल्या आहेत: पक्षी, ठिकाण, दिनांक, स्थिती, मृत्यूचं कारण आणि संकलक. संकलक म्हणजे ज्याला पक्षी सापडला ते माणूस. पोट उघडणाऱ्याचं नाव पुढच्या बाजूला नसतं. त्याने चिठ्ठी उलटी करून मागच्या कोपऱ्यात आद्याक्षर टाकायचं. मी ‘नं.’ टाकते. माझ्या हाताने केतकीचं नाव जितक्या वेळा लिहिलं गेलं आहे, तितक्या वेळा तिच्या आईनेही घेतलं नसेल.

आणखी एक नियम आहे. बाटलीत गेलेली चिठ्ठी कधी बाहेर काढून टाकायची नाही. तिच्यात चूक निघाली तर नवी लिहायची आणि जुनीच्या शेजारी सोडायची. चूकसुद्धा नोंदच असते, असं सर म्हणायचे. नव्या मुलांना हा नियम मीच शिकवते.

आज पुलावरून येताना मुठा दुथडी भरलेली दिसली. खडकवासल्यातून पाणी सोडलंय. गढूळ पाण्यावरून पिशव्या, बाटल्या, एक चप्पल, देवघरातला जुना फोटो असं सगळं घाईघाईने चाललं होतं. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी मला एकदा शांतपणे समजावलं होतं की मुठा पूर्वेला वाहते, भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, म्हणजे पुण्याचा कचरा तुमच्या कोकणच्या समुद्रात जातच नाही. “तेव्हा या पक्ष्यांच्या बाबतीत पुणेकरांचा हात नाही, हे आपण लिहून ठेवा,” असंही ते म्हणाले. भूगोल बरोबर होता त्यांचा. दुसऱ्या बाजूचा समुद्रही समुद्रच आहे, एवढं मी म्हणाले, आणि मग लिफ्ट आली. पण ‘पुणेकरांचा हात नाही’ हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं ते वेगळ्याच कारणासाठी. एका पक्ष्याच्या बाबतीत तरी पुण्याचा हात होता, आणि तो कुणाचा हे मला पक्कं माहीत होतं.

चार वर्षांपूर्वीचा श्रावण. तीन दिवस वारं थांबलं नव्हतं. आमच्या गच्चीवरच्या सिंटेक्सच्या टाकीचं झाकण उडून शेजारच्या इमारतीत गेलं होतं. शुक्रवारी केतकीचा सगळ्यांना मेसेज आला: ‘वारं घाट चढलंय. पुण्याकडे एखादा पक्षी उतरू शकतो. जिवंत असेल तर डबा, अंधार, कोरडं फडकं आणि मला फोन. मी चार तासांत पोचते.’ डबा, अंधार, कोरडं फडकं आणि मला फोन. हे तिचं दर पावसाळ्यातलं पालुपद. आमच्या फळ्यावर त्या चार गोष्टी मीच, माझ्या चांगल्या अक्षरात, लिहून ठेवल्या होत्या.

शनिवारी दुपारी किसनराव आले. साठीचे गृहस्थ, डोक्यावर टोपी, अंगात गुडघ्यापर्यंतचा रेनकोट. हडपसरच्या पलीकडे त्यांचं गाव होतं. आता ते गाव शहरात गेलंय आणि त्यांच्या शेतात बारा मजल्यांच्या दोन इमारती उभ्या आहेत. त्यातल्या एकीत ते राहतात. रेनकोट उघडा होता. आतून त्यांनी भाजीची प्लास्टिकची जाळी काढली, तिच्यावर घडी घातलेलं उपरणं. ते स्वतः नखशिखांत भिजले होते आणि उपरणं मात्र कोरडं होतं.

“मॅडम, पाखरू हाय. गच्चीवर पडलं व्हतं. आपल्या इकडलं न्हाय.”

“कशावरून?”

“आता साठ वरसं पाखरंच बगतोय की ज्वारीवरली. ह्ये कुठलं बी न्हाय त्यातलं.” मग जरा थांबून म्हणाले, “पोरीनं फोनवर तुमचा पत्ता काडला. बसनं दोन गाड्या बदलून आलोय. भिजू दिलं न्हाय बगा अजिबात.”

त्यांनी उपरणं बाजूला केलं. काळ्या पाठीचा सुरय होता. पाठ काजळासारखी, पोट आणि कपाळ पांढरं, शेपटी खोल दुभंगलेली, चोच सुईसारखी. त्याने मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. तोवर अठरा वर्षं मी या पक्ष्यांची पोटं उघडत होते. एकाने कधी माझ्याकडे बघितलं नव्हतं.

“जगंल न्हवं?” किसनरावांनी विचारलं.

“जगेल की,” मी म्हणाले. माझं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच.

ते गेले. फोन टेबलावर होता. केतकीचं नाव वरूनच तिसरं. मी तो उचलला नाही. का उचलला नाही, हे मला त्या क्षणीसुद्धा नीट कळत होतं, म्हणून उगाच गोंधळले होते वगैरे म्हणत नाही. मी फोन केला असता तर ती चार तासांत आली असती. पक्षी तिने हातात घेतला असता, तिच्या हातात तो शांत राहिला असता, ती त्याला घेऊन गेली असती, आणि मंगळवारच्या पेपरात वाऱ्याने उडालेले केस आणि मागे लाट. शेवटच्या ओळीत मी. समुद्र एकदाच, अठरा वर्षांतून एकदाच, घाट चढून माझ्या टेबलापर्यंत आला होता. तो मी आपल्या हाताने तिला देऊन टाकायचा? उद्या करू फोन, असं मी ठरवलं. आधी मी त्याला बरं करणार होते. मग फोन करून सहज म्हणणार होते, “अगं, एक सुरय आला होता. बराय आता.”

त्या दिवशी प्रयोगशाळेत दुसरं कोणी नव्हतं. कपडे भिजवायचा निळा टब होता, नळाला पाणी होतं, आणि माझ्याकडे तराजू होता. मी मीठ मोजलं. लिटरला पस्तीस ग्रॅम, समुद्रात असतं तेवढं, दशांशाच्या दोन घरांपर्यंत अचूक. ढवळून पूर्ण विरघळू दिलं. थर्मामीटर घालून बघितलं आणि थोडं कोमट पाणी घातलं. इतका नीटनेटका समुद्र पुण्यात कोणी बनवला नसेल. आणि मग मी सुरय दोन्ही हातांनी उचलून त्यात ठेवला.

सुरयाची ही जात पाण्यावर बसत नाही. वर्षानुवर्षं हवेतच राहते, उडता उडता पाण्यावरचा मासा उचलते, उडता उडताच झोपते, कारण तिच्या पिसांना पाणी सोसत नाही, ती भिजून जड होतात. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. केतकीच्या अहवालात हे वाक्य आहे, आणि तो अहवाल मी टाइप केला होता. मुद्रितंही मीच तपासली होती. तिथे एक अनुस्वार राहिला होता, तो मी घातला होता. पण त्या दुपारी मला पक्षी दिसत नव्हता, समुद्र दिसत होता. केतकीकडे असलेला आणि माझ्याकडे नसलेला.

तो काही वेळ तरंगला. मला आनंद झाला. मग त्याचे पंख बाजूला पसरले आणि वर उचलेनात. पाठीवरचं काजळ चपटं होऊन अंगाला चिकटलं, त्याच्या आत तो किती लहान होता ते दिसायला लागलं. मी त्याला बाहेर काढलं. टॉवेलने टिपलं, नळाखाली मीठ धुतलं म्हणजे आणखी भिजवलं, मग केस वाळवायच्या यंत्राने वाळवलं. तो थरथरत होता. बुटांच्या खोक्यात घालून मी त्याला वारज्याला घरी आणलं. श्रावण असल्यामुळे मासळीवाल्याकडे गर्दी नव्हती. मांदेली आणून बारीक तुकडे केले, चिमट्याने चोचीशी धरले. त्याने चोच उघडली नाही.

“केतकीला फोन केलास का?” नवऱ्याने विचारलं.

“रेंज नसते तिला तिकडे,” मी म्हणाले. हे त्या दिवसातलं पहिलं खोटं.

रविवारी सकाळी मी खोक्याचं झाकण उघडलं. तो मेला होता. एक पंख दुमडलेला आणि एक खोक्याच्या भिंतीला टेकलेला. पिसं तोपर्यंत पूर्ण कोरडी झाली होती.

सोमवारी मी माझं नेहमीचं काम केलं. पोट जवळजवळ रिकामं होतं. माकुलाच्या दोन चोची, जाळ्याचा एक निळा धागा, दोन पांढरे दाणे. चाळणीवर धुतलं, बाटलीत भरलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली. पक्षी: काळ्या पाठीचा सुरय. ठिकाण: हडपसर. स्थिती या ओळीपुढे मी लिहिलं, ‘मृत सापडला.’ मृत्यूचं कारण: ‘उपासमार, पोटात प्लास्टिक.’ आणि संकलक. तिथे आल्यावर मी पेन्सिलीला नवं टोक काढलं. मग लिहिलं: नंदिनी. लिहिताना मला वाईट वाटत होतं हे खरं, पण त्याच वेळी पोटात गुदगुल्याही झाल्या हेही तितकंच खरं. चिठ्ठी बाटलीत सोडली, ती हळूहळू खाली गेली, आणि माझं नाव काचेतून बाहेर दिसत राहिलं.

केतकीला फोनवर सांगितलं, “मेलेलाच आला.” ती एवढ्या मोठ्याने ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला. “नंदे! पुण्यात! अगं, तुझा पहिला पक्षी!” पुढच्या खोक्यात बर्फाच्या पिशवीशेजारी तिने आमसुलांची पुडी पाठवली, वर ‘संकलक बाईंना’ असं लिहून. तिला माझा जरा तरी हेवा वाटला असता तर मला बरं वाटलं असतं. ती आमसुलं आम्ही दोन वर्षं पुरवली.

किसनरावांचाही फोन आला. “मॅडम, कसं हाय आपलं पाखरू?”

“सोडलं समुद्रावर,” मी म्हणाले.

“उडालं?”

“उडालं.”

“लई ब्येस झालं. पोरीला सांगतो.” तेव्हापासून दर श्रावणात त्यांचा फोन येतो. वारं सुटलं की त्यांना आठवण होते. “आलं का वो आपलं पाखरू फिरून?” असं विचारतात आणि हसतात. मीही हसते.

खोट्याचं एक असतं, त्याची सवय होते. वर्षभर माझ्या ध्यानीमनीही नसायचं. कपाटात शेकडो बाटल्या आहेत, त्यांत ही एक. पण तिच्यासमोरून जाताना माझी नजर न चुकता तिच्यावर जायची. आधी संकलकाच्या ओळीवर जायची, मग वरच्या ‘मृत सापडला’वर जायची आणि पटकन दुसरीकडे वळायची.

परवाच्या खोक्यात पक्ष्यांबरोबर केतकीची चिठ्ठी होती, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली. बावीस वर्षांच्या कामाचा एकत्र अहवाल ती लिहिते आहे. ‘सुरुवात तुझ्या हडपसरच्या सुरयापासून करते,’ असं तिने लिहिलं होतं. ‘समुद्रापासून एवढ्या लांब आलेला, आणि पोटात प्लास्टिक. पहिल्याच पानावर. संकलक म्हणून तुझं नाव सगळ्यात आधी, माझं नंतर. अगं, किती वर्षं राहून गेलं होतं हे! तेवढी चिठ्ठीवरची माहिती एकदा पडताळून पाठव.’

मी तिथेच स्टुलावर बसले. बावीस वर्षं ज्याच्यासाठी जळले, ते माझ्या हातात कागदावर होतं, आणि तिच्याच अक्षरात होतं. मी ‘पडताळलं, बरोबर’ एवढं कळवलं असतं तरी पुरे होतं. या जगात ते खोटं आहे हे माहीत असलेलं माणूस एकच होतं.

मी बाटली काढून उजेडात धरली. आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्या चिठ्ठीची एक गोष्ट माझ्या लक्षात आली. संकलक म्हणजे ज्याला पक्षी सापडला ते माणूस. पक्षी मला सापडला नव्हता. तो किसनरावांना सापडला होता. दोन बस बदलून, स्वतः भिजून, पाखरू कोरडं ठेवून त्यांनी तो आणला होता. केतकी माझं नाव खाते म्हणून मी मनात बावीस वर्षं कुढत होते. ती बिचारी निदान स्वतः शोधलेल्या पक्ष्यांवर स्वतःचं नाव घालत होती. मी दुसऱ्याचं नाव खाल्लं होतं, आणि ते मला आठवलंही नव्हतं.

आज सकाळी किसनरावांचा फोन आला. नातीला घेऊन कोकणात निघालेत. “तेवढं कुठं सोडलं व्हतं ते ठिकाण सांगा, मॅडम. पोरगी लई मागं लागलीया. तितंच जाऊ म्हनते.”

मी दाराशी उभी होते. बाहेर वारं होतं. मी सांगून टाकलं. सोडलं नव्हतं, दुसऱ्या दिवशीच मेलं. पुढचंही सांगितलं. मिठाचं पाणी केलं, त्यात ठेवलं, त्या पाखराला पाणी चालत नाही हे माहीत असूनही ठेवलं.

त्यांच्या मागे कोणीतरी भांडी लावत होतं. मला वाटलं, चिडतील, चिडले तर बरं.

“मी तर कोरडं आनलं व्हतं,” ते म्हणाले.

एवढंच म्हणाले. मग “बरं, ठिवतो” म्हणाले आणि ठेवला.

लगेच केतकीला लावला, नाहीतर पुन्हा उद्यावर गेलं असतं. सगळं सांगितलं. फोन का केला नाही तेही, शेंगदाण्यांपासून. पलीकडे लाटांचा आवाज येत होता, आणि एवढं सगळं बोलताना मधेच मला त्या आवाजाचा हेवा वाटला.

“जिवंत होता?” तिने विचारलं.

“हो.”

“किती वेळ?”

“शनिवार दुपार ते रविवार सकाळ.”

“मी चार तासांत पोचले असते, नंदे.”

असं होतं कधीकधी, असं ती म्हणेल अशी मला आशा होती. ती नेहमी म्हणते तसं. ती म्हणाली नाही.

“नवी चिठ्ठी लिही,” ती म्हणाली. “जुनी काढू नकोस.” आणि भरतीबिरतीचं काही न सांगता तिने फोन ठेवला.

मी नवी चिठ्ठी घेतली. पक्षी: काळ्या पाठीचा सुरय. ठिकाण: हडपसर. दिनांक तोच. स्थिती: जिवंत, कोरडा. संकलक: किसनराव. मृत्यूचं कारण, या ओळीवर आम्ही जाळं लिहितो, तेल लिहितो, प्लास्टिक लिहितो. तिथे लिहिलं: मिठाच्या पाण्यात ठेवला. कोणी ठेवला, हे लिहायला आमच्या चिठ्ठीत ओळ नाही. म्हणून मी ती उलटी केली, आणि मागच्या कोपऱ्यात, जिथे बावीस वर्षं नुसतं ‘नं.’ टाकत आले, तिथे पूर्ण नाव लिहिलं. मग ती जुन्या चिठ्ठीशेजारी सोडली आणि झाकण घट्ट लावलं.